नाव न विचारलेली आई

दस्तऐवजी छायाचित्रणाच्या इतिहासात डोरोथिया लँग हे नाव एका छायाचित्राशी कायमचे जोडले गेले आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ तिने टिपलेली ती आई, हनुवटीला हात लावून दूर कुठेतरी पाहणारी आणि खांद्यांवर दोन मुलांची तोंडे लपलेली, साऱ्या जगाने पाहिली. पण या एका चित्राच्या लखलखाटात लँगचे उरलेले चाळीस वर्षांचे काम झाकोळले. अनोळखी माणसासमोर कॅमेरा घेऊन उभे राहताना नम्र कसे राहायचे, हा प्रश्न तिने आयुष्यभर बाळगला होता. त्याचे उत्तर तिला प्रत्येक वेळी सापडले असे नाही, आणि निपोमोच्या त्या दुपारीच ते सर्वात ठळकपणे हुकले, हा तिच्या चरित्रातला विलक्षण भाग आहे.

न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडे होबोकेन हे बंदराचे गाव. तेथे २६ मे १८९५ रोजी जर्मन स्थलांतरितांच्या घराण्यात डोरोथिया मार्गारेटा नुट्झहॉर्नचा जन्म झाला. सातव्या वर्षी तिला पोलिओने गाठले. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. ती बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. पुढे तिने वडिलांचे आडनाव टाकून आईचे माहेरचे लँग हे नाव धारण केले आणि वडिलांविषयी बोलणेही बंद केले.

आईला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील ग्रंथालयात नोकरी मिळाली. रोज आईबरोबर नदी ओलांडून डोरोथिया त्याच भागातल्या शाळेत जाऊ लागली. ज्यू निर्वासितांची दाट वस्ती, हातगाड्यांची गर्दी, नाना भाषांचा कोलाहल. आणि त्या साऱ्यात परकी, लंगडत चालणारी एक मुलगी. घरी परतताना तिला बावरी या बदनाम रस्त्यावरून, दारू पिऊन पडलेल्या माणसांना ओलांडत जावे लागे. कुणाचेही लक्ष आपल्याकडे जाणार नाही असा चेहरा करून चालायचे, हे ती त्या वयात शिकली. समोरच्याला खुपू न देता पाहण्याची ही कला पुढे तिच्या धंद्याचे भांडवल ठरली. अधू पायाचेही तसेच. लंगडत येणाऱ्या बाईची भीती वाटत नाही. तिलाही काही सोसावे लागले आहे, एवढे तरी समोरच्याला न सांगता कळते. आपण जे झालो ते या पायामुळे, असे ती उतारवयात मानत असे.

शाळा संपताना तिने आपण छायाचित्रकार होणार असे जाहीर केले, तेव्हा तिच्यापाशी कॅमेराही नव्हता. न्यूयॉर्कमधील नामांकित स्टुडिओंत उमेदवारी आणि कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट या जाणत्या शिक्षकाचे मार्गदर्शन, एवढ्या शिदोरीवर १९१८ साली एका मैत्रिणीसोबत ती जगाच्या सफरीला निघाली. सफर सॅन फ्रान्सिस्कोतच आटोपली, कारण तेथे दोघींचे पैसे चोरीला गेले. पोटापाण्यासाठी तिने एका दुकानात नोकरी धरली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ थाटला. शहरातील धनिक कुटुंबे तिच्याकडे येऊ लागली. १९२० मध्ये तिने मेनार्ड डिक्सन या वयाने वीस वर्षे मोठ्या चित्रकाराशी विवाह केला. त्याच्याबरोबर नैऋत्येच्या वाळवंटात भटकताना होपी आणि नाव्हाहो या मूलनिवासी जमातींची छायाचित्रे तिने काढली. ती देखणी आहेत, पण पाहुणीच्या नजरेची आहेत. कॅमेऱ्यापुढचा माणूस काय खातो, कुणाचे देणे लागतो, हे प्रश्न तिला अजून पडू लागले नव्हते.

ते पडले १९२९ नंतरच्या महामंदीत. स्टुडिओतली वर्दळ ओसरली, संसार विस्कटत चालला, आणि खिडकीबाहेर बेकारांचे तांडे दिसू लागले. १९३३ साली ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. 'व्हाइट एंजल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका श्रीमंत विधवेने जवळच अन्नछत्र उघडले होते. तेथील रांगेत सगळ्यांकडे पाठ करून, कठड्यावर हात जुळवून, दोन हातांच्या मध्ये पत्र्याचा डबा घेतलेला एक म्हातारा उभा होता. मळक्या हॅटखाली त्याचे डोळे दिसत नाहीत. त्याची लाज त्याच्यापाशीच राहिली आहे, तिने ती ओरबाडून घेतली नाही. स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाचे मन राखण्याची दहा-पंधरा वर्षांची सवय रस्त्यावर अशी कामी आली.

ओकलंडमधील एका छोट्या प्रदर्शनात ही छायाचित्रे पॉल टेलर या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने पाहिली. बर्कले येथे शिकवणारा टेलर शेतमजुरांच्या स्थलांतराचा अभ्यासक होता. आकडेवारीने सरकार हलत नाही, हे त्याला अनुभवाने कळले होते. १९३५ मध्ये त्याने लँगला राज्याच्या मदतकार्य विभागात घेतले. छायाचित्रकारासाठी अंदाजपत्रकात तरतूद नसल्याने कागदोपत्री तिची नेमणूक टंकलेखक म्हणून झाली. (सरकारी कचेऱ्यांची ही रीत सर्वत्र सारखीच असावी.) दोघांच्या सचित्र अहवालांमुळे मेरीसव्हिल आणि आर्व्हिन येथे मजुरांसाठी पहिल्या सरकारी छावण्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षअखेर दोघांनी आपापले जुने विवाह संपवून एकमेकांशी लग्न केले.

टेलरकडून लँगने विचारायला शिकून घेतले. मजुरी किती, पीक कोणते, गाव कधी सोडले, का सोडले, असे साधे प्रश्न. त्याला वही उघडण्याची घाई नसे आणि तिला कॅमेरा उघडण्याची. तिचा ग्राफ्लेक्स हा चार बाय पाच इंची निगेटिव्हचा, जड आणि कामाला संथ कॅमेरा होता. तो लपवणे अशक्य, आणि तिला लपवायचाही नव्हता. ती उघडपणे, लंगडत, हळूहळू वस्तीत शिरे. प्यायला पाणी मागे आणि सावकाश पीत बसे. मुले कॅमेऱ्याला हात लावीत, त्यांना ती लावू देई. आपण कोण, कुठून आलो, सरकारने कशासाठी पाठवले हे आधी सांगे. मग गप्पा आणि मग छायाचित्र. माणसांनी नको म्हटले तर कॅमेरा बंद. परत मोटारीपाशी येताच कानांवर पडलेली वाक्ये विसरण्याआधी त्याच बोलीत वहीत उतरवून ठेवायची. १९३९ साली टेलरबरोबर काढलेल्या 'ॲन अमेरिकन एक्झोडस' या पुस्तकात छायाचित्रांखाली याच नोंदी आहेत. त्या काळी गरिबांच्या चित्रांखाली लेखकाने स्वतःच्या कल्पनेतले उद्गार घालण्याची फॅशन होती. लँग-टेलरांनी ती कटाक्षाने टाळली.

या शिस्तीचे एक उदाहरण 'निपोमो'हून कमी प्रसिद्ध असले तरी अधिक बोलके आहे. १९३६ मध्ये मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेलजवळ तिने कापसाच्या मळ्याच्या गोऱ्या मुकादमाचे छायाचित्र काढले. दुकानासमोर मोटारीवर पाय रोवून उभा असलेला पोट सुटलेला मुकादम आणि त्याच्यामागे पायऱ्यांवर, अंग चोरून असलेले काळे मजूर. कोणाची जागा कुठे, हे सांगायला वेगळा मजकूर लागत नाही. दोन वर्षांनी आर्चिबाल्ड मॅक्लीश या कवीच्या 'लँड ऑफ द फ्री' या पुस्तकात हेच चित्र छापले गेले, पण मजुरांना कापून टाकून. उरला फक्त मुकादम, आणि तोही अमेरिकन स्वातंत्र्यवृत्तीचे प्रतीक म्हणून! तिला नेमणाऱ्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी यंत्रणेच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकरसुद्धा गोऱ्या कुळांच्या चित्रांवर भर द्या, तीच वर्तमानपत्रे छापतात, अशा सूचना देई. लँगने काळे वाटेकरी, मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर यांची चित्रे काढणे थांबवले नाही. ती बव्हंशी सरकारी कपाटात पडून राहिली.

आणि निपोमो. मार्च १९३६. महिनाभराची फिरती संपवून लँग एकटीच घराकडे निघाली होती. पाऊस होता. वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी रस्त्यालगत दिसली, ती तशीच पुढे गेली. वीस मैल गेल्यावर तिने गाडी वळवली. पीक गारठ्याने गेले होते, त्यामुळे काम नव्हते आणि उपासमार सुरू झाली होती. एका फाटक्या तंबूच्या तोंडाशी मुलांना घेऊन बसलेल्या बाईपाशी ती गेली, मोजकी छायाचित्रे काढली, प्रत्येक वेळी थोडे जवळ सरकत. सारे मिळून दहाएक मिनिटे. वय विचारले, ते बत्तीस निघाले. नाव विचारले नाही.

एरवी पाणी मागून तासभर बसणाऱ्या लँगने त्या दिवशी आपलीच पद्धत मोडली. दमणूक होती, घराची ओढ होती. मंदीच्या त्या वर्षांत तिची स्वतःची दोन मुले कामापायी अनेकदा दुसऱ्यांच्या घरी ठेवलेली असत, ही बाबही चरित्रकारांनी नोंदवली आहे. छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात झळकली आणि छावणीकडे २० हजार पौंड धान्य रवाना झाले. मात्र ते पोहोचण्याआधी ती आई आणि तिची मुले पुढच्या गावाला गेली होती. अन्न इतरांना मिळाले, तिला नाही. गाडीचे टायर विकून कुटुंबाने धान्य घेतले, असे लँगने लिहून ठेवले होते. कुटुंबीयांनी पुढे ते साफ नाकारले. गाडी बिघडली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत ते तेथे थांबले होते, एवढेच. १९३९ मध्ये लँगने निगेटिव्हच्या कोपऱ्यातला, तंबूच्या खांबाला धरलेला त्या बाईचा अंगठा पुसून टाकला. चौकट नीट दिसावी म्हणून. स्ट्रायकर यावर रागावला होता, आणि या बाबतीत तरी त्याचे बरोबर होते.

ती आई कोण, हे जगाला १९७८ मध्ये कळले. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो शहराच्या वर्तमानपत्राने तिला शोधून काढले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव, आणि ती आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या भूमीत जन्मलेली चेरोकी वंशाची मूलनिवासी होती. चाळीस वर्षे ज्या चेहऱ्याला गोऱ्या अमेरिकेच्या दुःखाचा चेहरा म्हणून मिरवले गेले, तो गोरा नव्हता! लँगने दहा मिनिटांऐवजी एक तास दिला असता तर ही गोष्ट तिच्या वहीत नक्की आली असती. चित्र प्रसिद्ध होणार नाही असे आपल्याला सांगितले होते, असे फ्लॉरेन्सचे म्हणणे होते. त्या चित्राने तिला एक पैसाही मिळाला नाही, उलट दारिद्र्याचा शिक्का बसला. लँगलाही ते सरकारी मालकीचे असल्याने मानधन मिळत नव्हते, पण कीर्ती तर मिळाली होती. १९८३ मध्ये फ्लॉरेन्स आजारी पडली तेव्हा मुलांनी मदतीचे आवाहन केले आणि देशभरातून सुमारे ३५ हजार डॉलर व पत्रांचा ढीग आला. आपल्या आईच्या चेहऱ्यात लोकांनी काय पाहिले हे त्या पत्रांवरून मुलांना प्रथमच उमगले आणि त्यांचा राग निवळला. फ्लॉरेन्सने त्याच वर्षी जगाचा निरोप घेतला. १९९८ मध्ये हेच छायाचित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आले.

१९४१ मध्ये लँगला गुगेनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली. छायाचित्रणासाठी ती मिळवणारी ती पहिली महिला. सामुदायिक जीवन जगणारे हटराइट, अमाना आणि मॉर्मन हे धर्मपंथ तिला अभ्यासायचे होते. काम अर्धवट असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत नेण्यात आले. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. या स्थलांतराची नोंद ठेवण्यासाठी सरकारने लँगला नेमले. सारे कसे शिस्तीत पार पडले, हे दाखवायचा सरकारचा हेतू होता. काटेरी कुंपण, पहाऱ्याचे मनोरे आणि बंदुकधारी शिपाई टिपायला तिला मनाई होती.

मग तिने त्याआधीच्या आठवड्यांकडे मोर्चा वळवला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणणाऱ्या जपानी वंशाच्या मुली. ओकलंडच्या किराणा दुकानावर मालकाने लावलेला, आपण अमेरिकन असल्याचे सांगणारा मोठा फलक. फ्लोरिन येथील स्ट्रॉबेरीच्या शेतात आईसोबत बसलेला अमेरिकन लष्करातील जपानी वंशाचा सैनिक. घर सोडायच्या तयारीसाठी तो रजेवर आला होता. गळ्यात क्रमांकाचे बिल्ले अडकवून, इस्त्रीच्या कपड्यांत, सामानाशेजारी बसची वाट पाहणारी कुटुंबे. सरकारने लावलेल्या बिल्ल्याच्या मागे एकेक घर आहे, हे तिने चित्रात आणले. लष्कराला हे पसंत पडणे शक्यच नव्हते. सुमारे आठशे छायाचित्रांपैकी बहुतेक युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवण्यात आली. काही प्रतींवर तर जप्त असा शेरा थेट चित्रावरच मारला गेला. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील प्रदर्शनात त्यातली काही लोकांसमोर आली, आणि २००६ मध्ये लिंडा गॉर्डन व गॅरी ओकिहिरो या इतिहासकारांनी 'इम्पाउंडेड' या पुस्तकात शंभराहून अधिक छापली. दरम्यान १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या अन्यायाबद्दल औपचारिक माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकास २० हजार डॉलर भरपाई मंजूर केली होती. तोपर्यंत लँगला जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

युद्धानंतर पोटाच्या दुखण्याने तिला कित्येक वर्षे कॅमेऱ्यापासून दूर राहावे लागले. १९५३ मध्ये ॲन्सेल ॲडम्ससोबत ती युटा राज्यातील तीन मॉर्मन गावांत गेली. येथेही एक चूक घडली. हे काम 'लाइफ' साप्ताहिकासाठी आहे याची स्पष्ट कल्पना गावकऱ्यांना दिली गेली नव्हती. छापून आल्यावर काहींना फसवल्यासारखे वाटले, आणि लँग व ॲडम्सचे संबंधही त्यावरून बिघडले. बोलीभाषा एक, देश एक, रंग एक. तरी परवानगी गृहीत धरली की विश्वासाला तडा जातोच.

पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये मात्र तिला सूर सापडला. कॉनराड आरेन्सबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाचे आयरिश शेतकऱ्यांवरील पुस्तक वाचून ती क्लेअर परगण्यात गेली. सोबतीला लेखक म्हणून थोरला मुलगा डॅनियल होता. लहानपणी परक्या घरी राहिलेला, पौगंडावस्थेत आईविरुद्ध बंड करून उठलेला हा मुलगा आता तिच्या बरोबरीने चिखल तुडवत होता. सहाएक आठवड्यांत तिने चोवीसशेच्या आसपास छायाचित्रे काढली. गवत रचणारे शेतकरी, बाजाराच्या दिवशी गुरांचा सौदा करणारे म्हातारे, पावसात हसणारी मुलगी. दारिद्र्य तेथेही होते, पण तिने त्याचे प्रदर्शन मांडले नाही; ही माणसे आपल्या भूमीशी किती घट्ट आहेत, इकडेच तिचे लक्ष राहिले. 'लाइफ'ने मार्च १९५५ मध्ये निवडक चित्रे छापली. डॅनियलच्या मजकुरावर बरीच कात्री चालवली.

१९५८ मध्ये टेलरला आशियाई देशांतील कामासाठी बोलावणे आले. प्रकृती खालावलेली असताना लँग त्याच्याबरोबर निघाली. कोरिया, व्हिएतनाम, इंडोनेशिया. इथे तिचे जुने हत्यारच निकामी झाले होते. भाषा येत नाही, तर विचारायचे काय आणि वहीत लिहायचे काय? ज्यांच्याविषयी आपल्याला काही ठाऊक नाही त्यांच्याबद्दल चित्रातून विधाने करणे तिला अप्रामाणिक वाटू लागले. मग ती लहान गोष्टींकडे वळली. नर्तकीचा वळलेला हात, अनवाणी पावले, वस्त्राची घडी, डोळे मिटलेल्या कोरियन मुलाचा शांत चेहरा. ही छायाचित्रे तिच्या मंदीच्या काळातील चित्रांइतकी प्रभावी नाहीत, असे समीक्षक म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु परक्या देशात चार दिवस राहून त्या देशाचा आत्मा गवसल्याचा दावा करणाऱ्यांच्या गर्दीत, फक्त हात दिसला म्हणून फक्त हात दाखवणारी ही बाई अधिक विश्वासार्ह वाटते.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात शिकवताना, तुम्ही कुठे राहता ते छायाचित्रातून सांगा, असा गृहपाठ तिने विद्यार्थ्यांना दिला होता. स्वतःही तो सोडवला. तिने काढले स्वतःच्या वाकड्या, अधू पायाचे छायाचित्र. इतरांच्या वेदनेकडे कॅमेरा वळवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो असा स्वतःकडे वळवला असेल.

१९६४ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचे सिंहावलोकनी प्रदर्शन ठरवले होते. या संग्रहालयात हा मान मिळणारी ती पहिली महिला छायाचित्रकार. उरलेले महिने तिने बर्कलेच्या घरात, भिंतीवर प्रती टाचून, कोणते चित्र कोणाशेजारी लावायचे हे ठरवण्यात घालवले. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी तिचे निधन झाले आणि जानेवारी १९६६ मध्ये प्रदर्शन उघडले. पॉल टेलरने तिचा खासगी संग्रह ओकलंडच्या संग्रहालयाला दिला. हजारो निगेटिव्हांबरोबरच, मोटारीच्या आडोशाला घाईघाईने लिहिलेल्या तिच्या वह्याही तेथे जतन केलेल्या आहेत.